घरात ‘टॉर्नेडो’ म्हणायचंच नाही?

प्रश्न: ताई, मी रिटायर्ड माणूस, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. सुट्टीत दोन्ही नातवंडं माझ्याकडे असतात, नातू दहा वर्षांचा आणि नात सहाची. नातवाला टॉर्नेडोचं, म्हणजे ढगातून सोंडेसारखं खाली उतरणाऱ्या त्या फिरत्या वादळाचं, वेड लागलंय, दिवसभर तेच व्हिडिओ, मोठेपणी वादळाच्या मागे गाडी घेऊन पळायचंय म्हणे. नात त्याच्या पाठीमागे उभी राहून तेच बघते आणि रात्री खिडकी वाजली की माझ्या अंथरुणात येते. सून म्हणाली, आता घरात हा शब्दच काढायचा नाही. मला ते पटत नाही. मी दोन बाटल्या तोंडाला तोंड जोडून पाण्याचा भोवरा करून दाखवला तर नातू म्हणतो, आजोबा, ह्यात पाणी खाली चाललंय, खरा टॉर्नेडो तर वर ओढतो ना? मी गप्प. सायन्स माझं दहावीलाच सुटलं. मुलांना हे शिकवावं का, आणि माझ्यासारख्याने कसं शिकवावं? आणि नातीला “आपल्याकडे नाही येत ते” असं सांगून मोकळं व्हावं का?
– एक आजोबा

नमस्कार काका,

आधी नातवाची पाठ थोपटा. बाटलीतला भोवरा बघून टाळ्या वाजवणारी मुलं पुष्कळ असतात, पण “हे उलटं आहे” म्हणणारं एखादंच निघतं आणि ते तुमच्या घरात आहे. तुम्ही गप्प बसलात तेही बरंच झालं, काहीतरी ठोकून दिलं असतंत तर पोराने पुढचा प्रश्न विचारलाच नसता.

आता सूनबाईंचं. रात्री दोन वाजता रडत उठलेलं पोर परत झोपवायचं म्हणजे काय असतं ते मला माहितीये, त्यामुळे त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण शब्दच बंद करायचा हा उपाय एका अख्ख्या देशाने करून बघितलाय. अमेरिकेत १८८० च्या दशकात हवामानाचे अंदाज लष्कराचं सिग्नल कोअर, म्हणजे संदेशवहनाचं खातं, द्यायचं, तिथे जॉन फिनली नावाचा अधिकारी टॉर्नेडोचा अंदाज आधी देता येतो का त्याचे प्रयोग करत होता. वरच्यांनी विचार केला की लोक घाबरून पळापळ करतील, त्यानेच जास्त नुकसान होईल, आणि अंदाजात हा शब्द वापरायलाच बंदी घातली. ती बंदी १९३८ पर्यंत चालली. मधे १८ मार्च १९२५ ला एक टॉर्नेडो मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना अशा तीन राज्यांतून साडेतीन तास, साधारण ३५० किलोमीटर धावत गेला आणि ६९५ माणसं मेली. त्या दिवशीच्या अंदाजात तो शब्द नव्हता. आता शब्द असता तर सगळी वाचली असती असं नाही, तेव्हा रडार नव्हतं, कुठे कधी येणार हे कोणालाच सांगता आलं नसतं, पण निदान लोकांनी आभाळाकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं.

ह्याच गोष्टीचा दुसरा भाग नातवाला नक्की सांगा, त्याला आवडेल. २० मार्च १९४८, ओक्लाहोमातला टिंकर नावाचा हवाई तळ, रात्री टॉर्नेडो आला आणि उभी विमानं मोडून गेला. तळाच्या जनरलने तिथल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना, फॉबुश आणि मिलर त्यांची नावं, कामाला लावलं की असलं काही आधी ओळखता येतं का बघा. दोघांनी जुने नकाशे काढले, आदल्या टॉर्नेडोंच्या दिवशी हवा कशी होती ते पाहिलं, आणि पाचच दिवसांनी, २५ मार्चला, समोरचा नकाशा बघून त्यांच्या पोटात गोळा आला कारण सगळं अगदी तसंच दिसत होतं. एकाच जागी आठवड्यात दोनदा टॉर्नेडो येणं म्हणजे जवळजवळ अशक्यच, तरी त्यांनी बिचकत बिचकत अंदाज दिला, विमानं हलवली गेली, आणि संध्याकाळी टॉर्नेडो खरोखर त्याच तळावर आला. टॉर्नेडोचा पहिला यशस्वी अधिकृत अंदाज हाच मानतात.

तर काका, शब्द घरात राहू द्या. व्हिडिओ मात्र कमी करा, आणि जेवढे बघतील तेवढे तुम्ही शेजारी बसून. पोरं व्हिडिओ नुसती बघत बसतात, त्यात त्यांच्या हाताला काही काम नसतं, आणि माझ्या अनुभवाने भीती तिथेच साचते. मी बारा वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात काढली, नंतर मुलांचे वर्ग घ्यायला लागले, त्यामुळे खाली जे सांगते ते बरंचसं मुलांकडूनच शिकलेय.

बाटलीचं आधी मिटवू. नातू बरोबर आहे. बाटलीत पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं आणि खालच्या बाटलीतली हवा मधल्या पोकळीतून वर जाते, टॉर्नेडोत हवा फिरत फिरत वर चढते. बाटलीतून फक्त एवढंच शिकायचं की फिरणारी गोष्ट मध्याकडे गोळा झाली की तिचा वेग वाढतो. हे बाटलीपेक्षा फिरत्या खुर्चीवर जास्त मजेत कळतं. नातवाला खुर्चीवर बसवा, दोन हातात दोन जाड पुस्तकं द्या, हात पसरायला सांगा, तुम्ही हळू एक गिरकी द्या आणि म्हणा आता पुस्तकं छातीशी घे. खुर्ची एकदम भर्रकन फिरते, मुलं किंचाळतात, नातीलाही बसवा (पण खुर्ची धरून ठेवा, आणि दोन-चार फेऱ्यांच्या वर नको, पोटातलं बाहेर येतं). ढगाखालची मैलोगणती हवा मंद फिरत असते, ती आवळत आवळत काही शे मीटरच्या खांबात आली की असाच वेग घेते.

पण मुळात ती फिरायला कशी लागते, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून तयारी करून ठेवा. एक पेन्सिल डाव्या तळव्यावर आडवी ठेवा, वरून उजवा तळवा ठेवून फक्त उजवा पुढे सरकवा. पेन्सिल लाटण्यासारखी लोळते. जमिनीजवळचा वारा मंद आणि वरचा जोरात, दिशाही वेगळी, असं असलं की मधली हवा अशीच आडवी लोळायला लागते. आता त्या लोळणाऱ्या लाटण्याला मोठ्या गडगडाटी ढगात चढणाऱ्या गरम दमट हवेने मधेच वर उचललं की लाटणं उभं होतं आणि ढगच फिरायला लागतो, ह्याला सुपरसेल म्हणतात. ह्यातल्या थोड्याच ढगांखाली टॉर्नेडो उतरतो, बाकीचे गडगडून, गारा टाकून निघून जातात, आणि नेमका ह्याच्याखाली का आणि त्याच्याखाली का नाही हे शास्त्रज्ञांनाही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. हे मुलांना आवर्जून सांगा. मोठ्यांनी अजून सोडवलेलं नाही असं काहीतरी शिल्लक आहे हे कळलं की दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात जे दिसतं ना, ते बघण्यासारखं असतं.

जाता जाता शब्दांचा घोळ पण निस्तरून टाका कारण मराठीत आपण सगळ्याच फिरत्या वाऱ्याला एकच नाव ठोकतो. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस चालतं. टॉर्नेडो ढगाला लटकलेला असतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत संपतो. आणि उन्हात धूळ फिरवत जाते ती वावटळ, तिला ढग लागतच नाही, ती तापलेल्या जमिनीवरून उठते आणि सहसा पालापाचोळा उडवण्यापलीकडे काही करत नाही. नातीला वावटळ दाखवून “बघ टॉर्नेडोचं बाळ” असं कोणी म्हटलं असेल तर ते आधी काढून टाका डोक्यातून.

आता खरी मजा, घराची. ह्याला दिवस दोन दिवस द्या.

पातळ पुठ्ठ्याचं वीतभर लांबरुंद घर करा, चार भिंती, समोरासमोर दोन दारं उघडझाप होतील अशी, आणि छप्पर हलक्या कार्डपेपरचं, नुसतं वर ठेवायचं, चिकटवायचं नाही. घर खाली टेपने टेबलाला घट्ट. समोर टेबलफॅन, जाळीवाला, आणि फॅनच्या वाटेत कोणाचे डोळे नकोत. पहिल्यांदा दोन्ही दारं बंद ठेवून फॅन हळू हळू वाढवा आणि छप्पर कुठल्या नंबरवर हलतं ते नातवाला वहीत लिहू दे. मग फॅनसमोरचं दार उघडा, मागचं बंदच. छप्पर आधीपेक्षा लवकर उडतं. पोरांना वाटतं वारा छपराला वरून ढकलून पाडतो, पण छप्पर जातं वर! वारा छपराच्या कडेवरून जाताना वर उसळतो, छपराच्या अंगाला चिकटून राहत नाही, आणि तिथे ओढ तयार होते. वरून ओढ, आणि दार उघडं असलं की आत शिरलेला वारा खालून फुगवतो, दोघं मिळून छप्पर उचलतात.

ह्यावरून एक जुना गैरसमज तुमच्या टेबलावरच मोडतो. पूर्वी सांगायचे की टॉर्नेडो येताना खिडक्या उघडा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होईल, नाहीतर घर फुग्यासारखं फुटेल. चुकीचं आहे ते. घर काही हवाबंद डबा नसतं, फटींमधून हवा येत-जात असतेच. खिडकी उघडायला गेलेला माणूस काचेजवळ उभा राहतो आणि वाऱ्याला आत यायला वाट करून देतो. नातवाला आधी तो जुना सल्ला सांगा, मग प्रयोग करायला लावा आणि मग विचारा, कोण बरोबर? मोठी माणसं चुकली हे स्वतःच्या हाताने सिद्ध करण्यासारखा आनंद ह्या वयात दुसरा नाही.

पुढचा प्रश्न, मग छप्पर धरून कसं ठेवायचं. आपल्याकडे म्हणतात घर फिरलं की घराचे वासे फिरतात, वाऱ्याच्या बाबतीत मात्र ते उलटं आहे, आधी वासे फिरतात मग घर. वासा भिंतीवर टेकलेला असतो आणि त्याचं वजन त्याला खाली दाबून ठेवतं, शंभर वर्षं दाबून ठेवतं, आणि एका संध्याकाळी वारा त्याला वर ओढतो तेव्हा कळतं की त्याला धरून ठेवायला नुसते दोन तिरके खिळे आहेत. खिळा बाजूच्या जोराला बरा असतो, उपसायला सोपा. म्हणून जोराच्या वाऱ्याच्या भागात वासा आणि भिंत मिळून एक पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकतात. पट्टी छोटी असते, हातात मावेल एवढी, पण मोठ्या वाऱ्यानंतर नुकसान बघायला गेलेले इंजिनिअर पुन्हा पुन्हा हेच लिहितात की जोड नीट असता तर छप्पर राहिलं असतं. छप्पर भिंतीला, भिंत जोत्याला, जोतं जमिनीला, सगळे एकमेकांचा हात धरून उभे पाहिजेत, आणि एकाने सोडला की त्याच्या वरचं सगळं गेलं. छप्पर गेलं की भिंतींना वरून आधार उरत नाही, मग त्या पडतात. मोठं दुहेरी गॅरेजचं दार हा असाच एक कच्चा दुवा, ते आत ढकललं गेलं की तुमच्या प्रयोगातलं उघडं दार झालंच म्हणून समजा.

मुलांना हे करून बघायला लावा: एक छप्पर टेपच्या छोट्या तुकड्याने चार कोपऱ्यांत चिकटवा, दुसरं दोऱ्याने भिंतीवरून खाली टेबलापर्यंत बांधा, फॅन तोच. मग छपराचा आकार बदलू दे, सपाट, दुपाखी, चौपाखी. खऱ्या घरांत चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा बरं टिकतं कारण चारही बाजूंनी उतार असतो, वाऱ्यासमोर उभी सपाट त्रिकोणी भिंत येत नाही. पण तुमच्या टेबलावर हाच निकाल येईल असं मी छातीठोकपणे सांगत नाही हां, पुठ्ठ्यात हजार भानगडी असतात. वेगळं आलं तर का आलं ते शोधा, उत्तर जुळवून घेऊ नका.

आणि काका, आता तुमचं खातं. हिशेब! वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरच्या एका चौरस मीटरवर साधारण ४७-४८ किलो वजन ठेवल्यासारखा दाबतो. २०० चा झाला की १९० किलोच्या आसपास. ३०० ला सव्वाचारशेच्या वर. नेहमीचं दार धरा दोन चौरस मीटर, म्हणजे ३०० च्या वाऱ्यात त्या दारावर साडेआठशे किलोच्या वर जोर. नातवाला ह्याचा तक्ता करायला लावा, तुम्ही फक्त बेरजा-गुणाकार तपासा, बघा कसा तुमचा सायन्सचा न्यूनगंड पळतो ते.

तक्ता झाला की तो विचारेल, मग घर ५०० च्या वाऱ्याला टिकेल असंच का नाही बांधत? भारी प्रश्न आहे हा, इंजिनिअरिंग शिकवायचं तर इथे थांबायला हवं. बांधता येतं, पण मग ते घर राहत नाही, किल्ला होतो, खिडक्या जातात, खर्च कोणाला परवडत नाही, आणि एका ठराविक घरावरून तसला जोरदार टॉर्नेडो जायची शक्यता फारच थोडी. बहुतेक टॉर्नेडो कमी ताकदीचे असतात. म्हणून वाटणी करतात. ओक्लाहोमातल्या मूर गावाचं बघा, तिथे १९९९ ला आला, परत २० मे २०१३ ला आला, २४ माणसं गेली. नंतर २०१४ मध्ये गावाने नियम केला की नवीन घर ताशी २१७ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकलं पाहिजे, त्यात त्याच पट्ट्या आल्या, दणकट गॅरेजची दारं आली. म्हणजे लहान-मध्यम टॉर्नेडोत घर वाचावं. आणि त्याहून मोठ्यासाठी घरातली फक्त एक छोटी खोली, सेफ रूम, ती ताशी ४०० किलोमीटरच्या वाऱ्याच्या हिशेबाने बांधायची. घर गेलं तरी चालेल, ती खोली आणि आतली माणसं राहिली पाहिजेत.

त्या खोलीची परीक्षा कशी घेतात माहितीये? हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून सुमारे ६.८ किलोचं लाकडी दांडकं ताशी १६० किलोमीटरने भिंतीवर मारतात! कारण टॉर्नेडोत माणसं जास्त करून नुसत्या वाऱ्याने मरत नाहीत, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या वस्तूंनी मरतात. (हा भाग नातवाला, नातीला नाही. आणि घरी तोफ करायची नाही, तो मागे लागेल.)

मोजणीबद्दल थोडं. टॉर्नेडोला जो नंबर देतात तो वारा मोजून नाही देत, मोडतोड बघून देतात. टेटसुया फुजिता ह्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये ही पट्टी केली, २००७ पासून अमेरिकेत तिची सुधारलेली आवृत्ती वापरतात, शून्य ते पाच. वादळ गेल्यावर माणसं चालत फिरतात, कुठलं झाड कुठल्या दिशेला पडलं, कुठल्या प्रकारच्या घराचं काय गेलं, फक्त कौलं की छप्पर की भिंती, आणि त्यावरून मागे जाऊन वारा किती असेल ते काढतात. तुमच्या नातवंडांनी पण पुठ्ठ्याच्या घराची स्वतःची पट्टी करावी, शून्य म्हणजे छप्पर थरथरलं, एक म्हणजे सरकलं, पाच म्हणजे काहीच उरलं नाही. नंबर नातीला देऊ दे, मोडतोडीवर नंबर लिहिणारा माणूस मोडतोडीला फार घाबरत नाही.

उंच इमारती आणि पुलांकडे मन वळलं तर दोनच गोष्टी. तैवानमधली तैपेई १०१ ही ५०८ मीटरची इमारत, तिच्या वरच्या मजल्यांमध्ये ६६० टनांचा पोलादी गोळा लटकवलाय, वाऱ्याने इमारत एकीकडे झुकायला लागली की गोळा मागे रेंगाळतो आणि डोलणं कमी करतो. २०१५ च्या एका वादळात तो मीटरभर हलला. स्ट्रॉचा मनोरा करून आत दोऱ्याला मातीचा गोळा टांगून बघा, दोऱ्याची लांबी कमीजास्त करत बसावं लागेल. आणि दुसरा अमेरिकेतला टॅकोमाचा पूल, ७ नोव्हेंबर १९४० ला अवघ्या ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून पडला, बांधून चारच महिने झालेले. बाजूंना भरीव पोलादी पट्ट्या, वाऱ्याला जायला जागा नाही, आणि पूल हलला की त्या हलण्यातूनच वारा त्याला अजून हलवत गेला. नंतरच्या पुलाला जाळीदार सांगाडा दिला. कागदाची लांब पट्टी फॅनसमोर दोन्ही टोकं धरून ठेवली की फडफड दिसते. माणूस एकही गेला नाही त्यात, पण गाडीत अडकलेला एक कुत्रा गेला, नातीला हे सांगायचं की नाही ते तुम्ही बघा.

आता नात. तिच्यासाठीच मी हे एवढं लिहिलं खरं तर. “आपल्याकडे नाही येत” हे सांगू नका. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर टॉर्नेडो नोंदले गेलेत, आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा, १९८९ च्या एप्रिलमधला, बांगलादेशात आला होता, साधारण १३०० माणसं गेली. घरं कच्ची, धोक्याची सूचना नाही. तुम्ही नाही म्हणालात आणि तिने भावाच्या व्हिडिओत पाहिलं की येतात, तर टॉर्नेडोची भीती राहीलच, वर आजोबांचा शब्दही गेला. खरं तेवढंच सांगा: क्वचित येतो, बहुतेक लहान असतो, थोडा वेळ असतो, आणि आला तर काय करायचं ते आपल्याला माहितीये.

माझ्या पहिल्या वर्गात मी एक मूर्खपणा केला होता. सुरुवातीलाच उद्ध्वस्त घरांचे फोटो दाखवले, वाटलं मुलांना विषयाचं गांभीर्य कळेल. मग सगळ्यांनी घरं केली, फॅनसमोर ठेवायची वेळ आली तर सातेक वर्षांची एक मुलगी आपलं घर पोटाशी धरून बसली. ठेवेचना. म्हणाली, “ह्यात माणसं आहेत.” आत तिने कागदाची चार माणसं ठेवली होती. मला काय बोलावं सुचेना, शेवटी मी म्हटलं मग त्यांच्यासाठी आत एक पक्की खोली कर, मी थांबते. तिने अर्धा तास घालवून काड्यापेटीएवढी खोली केली, तळाला चिकटवली, माणसं आत घातली, आणि मग स्वतः फॅन लावला. छप्पर गेलं, एक भिंत गेली, माणसं होती तिथेच. तिने सगळ्यांना घर परत परत उडवून दाखवलं. त्या दिवसापासून फोटो मी बंद केले आणि आतली खोली आधी करायला लावते. तुमच्या नातीच्या घरातही आधी माणसं, मग खोली, मग बाकीचं घर.

मग तीच खोली खऱ्या घरात शोधायला सांगा. नियम असे: जितकं खाली जाता येईल तितकं खाली, घराच्या मधोमध, छोटी खोली, खिडकी नसलेली, बाहेरच्या भिंतीपासून लांब. डोकं झाकायचं, उशी, गादी, सायकलचं हेल्मेट काहीही चालेल. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीत असलो तर जवळच्या पक्क्या इमारतीत जायचं. उड्डाणपुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा अरुंद वाटेतून अजून जोरात येतो, ओक्लाहोमात १९९९ ला पुलाखाली आसरा घेतलेली माणसं दगावलीत. धोक्याची सूचना जिथे चांगली मिळते तिथेही हातात साधारण दहा-पंधरा मिनिटंच असतात, कधी तेवढीही नाहीत, म्हणून जागा आधीच ठरलेली पाहिजे. नातीला जागेची इन्चार्ज करा. टॉर्च कुठे, हेल्मेट कुठे, कोणी कोणाचा हात धरायचा, सगळं तिने ठरवायचं. एकदा दिवसा सराव, एकदा दिवे घालवून. रात्री खिडकी वाजली तर तिला म्हणा, चल आपण जाऊन बघू काय वाजतंय ते, कडी ढिली असेल तर तिलाच घट्ट करू दे. दोन-तीन रात्री ती तरीही तुमच्या अंथरुणात येईल, येऊ दे.

आणि नातवाचं वादळामागे पळायचं स्वप्न. हसू नका त्याला. टिम समॅरस नावाचा इंजिनिअर होता, त्याने एक बसकं, उलट्या परातीसारखं यंत्र बनवलं, आकारच असा की वारा त्याला उचलायच्या ऐवजी जमिनीवर दाबतो, आणि २००३ मध्ये साउथ डकोटात ते टॉर्नेडोच्या वाटेत ठेवून पळ काढला. टॉर्नेडो वरून गेला, यंत्र जागेवरच, आणि हवेचा दाब झपाट्याने १०० मिलिबार (हवेचा दाब मोजायचं माप) पडल्याची नोंद मिळाली. नातवाला म्हणा, फॅनसमोर न उडणारं असं यंत्र तू कर, वजन वाढवायचं नाही, फक्त आकार बदलायचा. एक दुपार निवांत जाईल. पण गोष्ट पूर्ण सांगा. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टॉर्नेडो बघता बघता चार किलोमीटरहून रुंद झाला आणि त्यात समॅरस, त्याचा मुलगा आणि एक सहकारी तिघंही गेले, आणि तो त्यातल्या त्यात सावध म्हणून ओळखला जाणारा माणूस होता. दहा वर्षांच्या मुलाला हे झेपतं. त्याच टॉर्नेडोत रडारने ताशी ४५० किलोमीटरच्या वरचा वारा मोजला, तरी अधिकृत नंबर मिळाला तीन, कारण तो बराचसा मोकळ्या रानातून गेला, मोडायला फारसं काही नव्हतंच. ह्यावर तो तुमच्याशी तासभर भांडेल, आणि भांडताना त्याची बाजू चुकीची नसेल.

सूनबाईंना हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण दिवे घालवून सराव कराल त्या रात्री त्यांना बोलवा, स्टॉपवॉच त्यांच्या हातात द्या, आणि त्यांची जागा कुठली ते नातीलाच सांगू दे.